डीडी-२१४ वरील परदेशसेवा आणि पदकांच्या नोंदी दुरुस्त करून घेताना

आपल्याकडे निवृत्त फौजीच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपलेले असते, तसेच अमेरिकेत माजी सैनिकाच्या घरी डीडी-२१४ नावाचे पत्रक जपलेले असते, आणि बहुतेक घरांत ते वर्षानुवर्षे कोणी नीट वाचलेले नसते. सक्रिय सेवेतून मुक्त होताना सैनिकाला हे पत्रक दिले जाते. १९५० पासून ते वापरात आहे आणि सेवेच्या तारखा, हुद्दा, परदेशात घालवलेला काळ, पदके व सेवामुक्तीचे स्वरूप यांचा गोषवारा त्यावर असतो. आजारपणाचा दावा, गृहकर्जाची सवलत किंवा सैनिकी दफनभूमीतील जागा यांसाठी हा कागद पुढे करावा लागतो, आणि परदेशसेवेचा रकाना कोरा आहे किंवा एखादे पदक गळले आहे हे नेमके त्याच वेळी लक्षात येते.

हा लेख अशा वेळी काय करावे ते पहिल्यांदाच शोधणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. नागरिकत्व नसताना ‘मावनी’ योजनेतून अमेरिकेच्या सैन्यात गेलेली, इराक, कुवेत किंवा अफगाणिस्तानात जाऊन आलेली आपली मुले-मुली आता माजी सैनिक झाली आहेत, आणि लग्नसंबंधांमुळे व्हिएतनामच्या पिढीतले व्याहीही आपल्या घरात आले आहेत. मी हे काम प्रथम माझ्या व्याह्यांसाठी केले, म्हणून पुढची उदाहरणे बरीचशी त्यांच्या कागदांतली आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण मला ती उशिरा कळली. या कामात कोणाला पटवून द्यायचे नसते. त्या काळात तयार झालेला एक कागद शोधून त्यावर बोट ठेवायचे असते. डीडी-२१४ हा स्वतः मूळ पुरावा नाही. सुटकेच्या गडबडीत एखाद्या कारकुनाने दुसऱ्या कागदांवरून टंकलेला तो सारांश आहे, आणि सारांशात चूक असेल तर ती मूळ कागदाच्या आधारेच सुधारते. आम्ही प्रथम व्याह्यांच्या आठवणींचे तीन पानी पत्र लिहिले होते. ते भावपूर्ण होते आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

पहिली पायरी: पत्रक वाचणे

आपल्या हातातली प्रत कोणती आहे ते आधी पाहावे. या पत्रकाच्या संक्षिप्त आणि पूर्ण अशा वेगवेगळ्या प्रती निघतात. संक्षिप्त प्रतीवर सेवामुक्तीचे स्वरूप व कारण नसते, त्यामुळे ‘मेंबर-४’ असा शिक्का असलेली पूर्ण प्रत हाताशी असावी. अलीकडच्या आवृत्तीत परदेशसेवा रकाना १२-एफ मध्ये, सागरी सेवा १२-जी मध्ये, पदके व बिल्ले १३ मध्ये आणि शेरे १८ मध्ये येतात. व्हिएतनामकाळातील आवृत्तीत याच गोष्टी अनुक्रमे २२-सी, २४ आणि ३० या रकान्यांत सापडतात. तिथे परदेश व सागरी सेवा एकत्रच मोजलेली असते.

इथे एक फरक समजून घ्यावा लागतो. १२-एफ मधला आकडा फक्त त्या पत्रकात नोंदलेल्या सेवाकाळापुरता असतो, तर १३ व्या रकान्यात आतापर्यंतच्या सगळ्या सेवेतील पदके यायला हवीत. एखाद्याने दोनदा सेवा केली असेल आणि पहिल्या खेपेचे कुवेतमधले दिवस दुसऱ्या पत्रकावर नसतील, तर ती चूक नव्हे; पहिल्या पत्रकावर ते आहेत का, एवढेच पाहावे. राखीव दलातील किंवा नॅशनल गार्डमधील सैनिकांच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो. त्यांना सक्रिय सेवेच्या प्रत्येक मोठ्या खेपेसाठी वेगळे डीडी-२१४ मिळते आणि गार्डमधील एकूण सेवेसाठी एनजीबी-२२ हे निराळे पत्रक असते, त्यामुळे दुरुस्ती नेमक्या कोणत्या कागदावर हवी हे ठरवल्याशिवाय अर्ज लिहू नये.

व्याह्यांच्या पत्रकात २४ व्या रकान्यात व्हिएतनाम सर्व्हिस मेडल नोंदलेले होते आणि २२-सी मध्ये वर्षे, महिने, दिवस या तिन्ही जागी शून्य होते. पदक तिथे गेल्याशिवाय मिळत नाही आणि तिथे गेल्याची नोंद मात्र नाही! असा अंतर्विरोध एकाच पानावर सापडला, तर अर्जात तो पहिल्याच वाक्यात दाखवावा.

दुसरी पायरी: चूक कोणत्या जातीची आहे

नोंद गळण्याची कारणे निरनिराळी असतात आणि कारणानुसार वाट बदलते. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे मूळ नोंद फायलीत आहे, पण डीडी-२१४ वर उतरवायची राहिली. दुसरा प्रकार असा की सैनिक घरी परतल्यानंतर पदकाचा हुकूम निघाला. व्हिएतनाममधील अमेरिकन भूदलाच्या मुख्यालयाला आणि त्याच्या अखत्यारीतील तुकड्यांना दक्षिण व्हिएतनाम सरकारने दिलेले ‘गॅलंट्री क्रॉस’ हे सामूहिक मानचिन्ह भूदलाच्या १९७४ सालच्या सर्वसाधारण हुकूम क्रमांक ८ ने नोंदले गेले. १९७० साली सुटलेल्या सैनिकाच्या पत्रकावर ते असणे शक्यच नव्हते, तरी त्याचा हक्क आहे. तसेच ‘कॉम्बॅट ॲक्शन बॅज’ २००५ मध्ये सुरू झाला, पण १८ सप्टेंबर २००१ पासूनच्या लढाईसाठी तो पूर्वलक्षी प्रभावाने मिळतो; अफगाणिस्तान आणि इराक यांची स्वतंत्र मोहीमपदके तर २००४ च्या अखेरीस निर्माण झाली.

तिसरा प्रकार तात्पुरत्या कामगिरीचा आहे. मूळ नेमणूक अमेरिकेत किंवा जपानमध्ये असताना काही आठवड्यांसाठी दुसरीकडे पाठवलेल्या सैनिकांचे हे दिवस अनेकदा परदेशसेवेत धरलेलेच नसतात. अशा वेळी प्रवासभत्त्याची बिले आणि तात्पुरत्या कामगिरीचे हुकूम हाच आधार असतो, आणि दिवसांची संख्या महत्त्वाची ठरते: व्हिएतनाम सर्व्हिस मेडलसाठी तात्पुरत्या कामगिरीवरील सैनिकाचे सलग ३० किंवा विखुरलेले ६० दिवस भरावे लागतात.

चौथा प्रकार म्हणजे खरे तर नोंदीतली चूक नव्हेच. तो ‘मला हे पदक मिळायला हवे होते’ असा असतो. शौर्यपदकाची शिफारस कधी झालीच नसेल, तर ती दुरुस्तीची बाब राहत नाही. त्यासाठी त्या वेळच्या अधिकाऱ्याने किंवा घटना माहीत असलेल्या व्यक्तीने शिफारस करावी लागते, प्रत्यक्षदर्शींचे जबाब लागतात, आणि मुदत उलटून गेली असल्यास अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यामार्फत प्रकरण पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. ही वाट लांब आहे. साध्या नोंदींच्या अर्जात ती मिसळली, तर सोप्या दुरुस्त्याही तिच्याबरोबर अडकून पडतात.

नवख्या माणसाची हमखास फसगत होते अशी एक जागा इथेच सांगून ठेवतो. ‘ब्राँझ स्टार मेडल’ हे लढाईतील शौर्य किंवा विशेष कामगिरीसाठी दिले जाणारे पदक आहे, आणि ‘ब्राँझ सर्व्हिस स्टार’ हा मोहीमपदकाच्या फितीवर लावायचा इवलासा तारा आहे. व्हिएतनाम सर्व्हिस मेडलसाठी सतरा मोहिमा ठरलेल्या आहेत आणि ज्या मोहिमेच्या काळात सैनिक तिथे होता, त्या प्रत्येकीचा एक तारा मिळतो. व्याही १४ फेब्रुवारी १९६९ ते १० फेब्रुवारी १९७० या काळात लाँग बिन्हच्या तळावर होते. तेवढ्यात चार मोहिमा बसतात, म्हणून चार तारे. ‘माझे चार ब्राँझ स्टार गहाळ आहेत’ असे त्यांनी पत्राच्या मसुद्यात लिहिले होते. ते वाक्य तसेच गेले असते, तर वाचणाऱ्याने चार पदकांचे हुकूम मागितले असते.

तिसरी पायरी: पूर्ण फाइल मागवणे

मूळ कागद सैनिकाच्या वैयक्तिक सेवा-फायलीत असतात. अलीकडच्या सैनिकांच्या फायली संगणकावर आहेत आणि ‘मिलकनेक्ट’ या सरकारी संकेतस्थळावरून मागवता येतात. जुन्या फायली मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथील राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्रात ठेवलेल्या आहेत. तिथे एसएफ-१८० हा अर्ज टपालाने पाठवता येतो किंवा ‘ई-व्हेट-रेक्स’ या ऑनलाइन सोयीतून मागणी करता येते. सैनिकाला स्वतःला आणि तो हयात नसेल तर निकटच्या नातेवाइकाला यासाठी शुल्क पडत नाही. निकटचा नातेवाईक म्हणजे पुनर्विवाह न केलेला जोडीदार, आई-वडील, मुले किंवा भावंडे. जावई, सून आणि आम्हा व्याह्यांना त्यात जागा नाही, म्हणून सही सैनिकाची किंवा अशा नातेवाइकाचीच हवी आणि सहीखाली तारीख हवी. आमचा पहिला अर्ज केवळ सही राहिल्यामुळे परत आला आणि दोन महिने फुकट गेले. सेवामुक्तीला ६२ वर्षे झाली की फाइल सार्वजनिक अभिलेखात जाते. त्यानंतर ती कोणालाही मागता येते, पण पैसे भरून.

अर्जात ‘डीडी-२१४ ची प्रत’ एवढेच मागू नये. पूर्ण सेवा-फाइल हवी, त्यात नेमणुकांचे व पदकांचे हुकूम हवेत, असे स्पष्ट लिहावे. नाहीतर जो कागद चुकला आहे त्याचीच स्वच्छ प्रत घरी येते.

१९७३ च्या आगीची माहितीही असायला हवी. त्या वर्षी १२ जुलैला सेंट लुईसच्या इमारतीत लागलेल्या आगीत सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के, आणि सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात हवाई दलातून मुक्त झालेल्यांपैकी, आडनावाच्या अकारविल्हे यादीत ‘हबार्ड’नंतर येणाऱ्यांच्या, सुमारे ७५ टक्के फायली त्यात गेल्या. दुसऱ्या प्रती काढून ठेवलेल्या नव्हत्या. तरीही ‘फाइल जळाली’ हे उत्तर अखेरचे मानू नये. अंतिम पगाराची बिले, तुकडीची रोजची हजेरीवही आणि रुग्णालयातील दाखल्यांच्या नोंदी दुसरीकडे असल्यामुळे वाचल्या, आणि त्यांवरून सेवेचा तपशील पुन्हा जुळवता येतो. केंद्र त्यासाठी एनए-१३०५५ हा अर्ज भरून मागते. त्यात तुकडीचे नाव आणि तारखा शक्य तितक्या अचूक द्याव्यात, कारण हजेरीवही माणसाच्या नावावरून नव्हे, तर तुकडी आणि महिना यांवरून शोधली जाते.

चौथी पायरी: बोट ठेवायचे पान शोधणे

फाइल आली की पाने मोजत बसू नये; तीन-चार ठिकाणी आधी पाहावे. व्हिएतनामकाळातील भूदलाच्या शिपायाच्या फायलीत डीए-२० हा जाड कार्डासारखा नमुना असतो. त्यातील ३१ व्या कलमात परदेशसेवा, ३८ व्यात नेमणुकांचा क्रम आणि ४१ व्यात पदके लिहिलेली असतात. व्याह्यांच्या ३१ व्या कलमात निळ्या शाईने ‘आरव्हीएन’ (रिपब्लिक ऑफ व्हिएतनाम, म्हणजे दक्षिण व्हिएतनाम) आणि दोन्ही तारखा होत्या. ३८ व्यात त्याच तारखांना तुकडीचे नाव होते. दोन्ही दिवस धरून हिशेब केला, तर अकरा महिने अठ्ठावीस दिवस भरतात. संपूर्ण प्रकरण त्या दोन ओळींत होते, आणि त्यासाठी आम्ही बिस्किटांच्या डब्यातली पत्रे, छायाचित्रे आणि विमानतळावरचे शिक्के यांचे साठ पानांचे बाड जमवून ठेवले होते.

डीए-२० नसेल किंवा अलीकडची सेवा असेल, तर बदलीचे व तैनातीचे हुकूम, पदकाचे प्रशस्तिपत्र आणि हुकूम क्रमांक, कामगिरीचे वार्षिक अहवाल, आणि पगारपत्रकावर धोक्याच्या क्षेत्राचा भत्ता व करमाफी दिसणारे महिने शोधावेत. पगारपत्रकाला मी विशेष मान देतो, कारण पैसे देताना कोणीही उगाच ‘हा कुवेतमध्ये होता’ असे लिहीत नाही. सामूहिक मानचिन्हांसाठी मात्र तुकडीचे नाव आणि तारखा एवढाच पुरावा लागतो, कारण कोणत्या तुकडीला काय मिळाले हे भूदलाने स्वतःच छापून ठेवले आहे: दुसरे महायुद्ध आणि कोरिया यांच्यासाठी पुस्तिका ६७२-१, आणि व्हिएतनामसाठी ६७२-३.

सहकाऱ्यांची शपथपत्रे जोडता येतात, पण ती पूरक म्हणून. नुसत्या शपथपत्रांवर उभा असलेला अर्ज लंगडा असतो.

मराठी नावांबद्दल इथेच एक सूचना. आपल्या पद्धतीत मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते, आणि अमेरिकन अर्जात ते कधी पूर्ण, कधी एकच अक्षर, तर कधी आडनावालाच चिकटून जाते. एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असेल, तर सेवाक्रमांक व जन्मतारीख देऊन ती एकच व्यक्ती असल्याचे अर्जात एका वाक्यात सांगावे. लग्नानंतर किंवा नागरिकत्व घेताना बदललेले नाव जुन्या डीडी-२१४ वर साधारणपणे घातले जात नाही. ते पत्रक सेवेच्या काळातील नावानेच राहते आणि नाव बदलल्याचा दाखला त्याच्यासोबत जोडून चालवावे लागते.

पाचवी पायरी: डीडी-२१५ साठी अर्ज

मूळ नोंद हातात असेल, तर नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे धाव घेण्याची गरज नसते. ज्या दलात सेवा झाली त्याच्या कार्मिक कार्यालयाकडे प्रशासकीय दुरुस्ती मागावी: भूदलासाठी केंटकीतील फोर्ट नॉक्स, हवाई दलासाठी सॅन अँटोनिओजवळचा रँडॉल्फ तळ, नौदलासाठी टेनेसीतील मिलिंग्टन आणि मरीन दलासाठी व्हर्जिनियातील क्वांटिको. प्रत्येक दलाच्या अर्जाच्या नमुन्यात आणि पाठवण्याच्या रीतीत फरक असतो, म्हणून पाठवण्याआधी त्या दलाच्या संकेतस्थळावरची सूचना वाचून घ्यावी. दुरुस्ती मान्य झाली की जुने पत्रक खोडले जात नाही. डीडी-२१५ नावाचे वेगळे पत्रक निघते आणि कोणत्या रकान्यात काय वाढवले किंवा वगळले ते त्यावर लिहिलेले असते.

अर्जाचे पत्र एका पानाचे असावे. प्रत्येक मागणीसाठी रकाना क्रमांक, आत्ता तिथे काय आहे, काय हवे, आणि कोणत्या जोडपत्राच्या आधारे, एवढेच लिहावे. आमच्या दुसऱ्या पत्रातले पहिले वाक्य असे होते: ‘रकाना २२-सी मध्ये शून्याऐवजी ११ महिने २८ दिवस अशी नोंद व्हावी, आधार जोडपत्र १, डीए-२०, कलम ३१.’ जोडपत्रावर त्या ओळीच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढला होता. मूळ कागद कधीही पाठवू नये. प्रतीच पाठवाव्यात आणि पाठवलेल्या संचाची एक प्रत घरी ठेवावी.

सहावी पायरी: मंडळ

कार्मिक कार्यालयाने नकार दिला, किंवा पुरावा असा असला की कोणीतरी तो तोलून निर्णय घेतला पाहिजे, तरच डीडी-१४९ भरून नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे जावे. भूदल, नौदल आणि हवाई दल यांची अशी स्वतंत्र मंडळे आहेत. मरीन सैनिकांचे अर्ज नौदलाच्या मंडळाकडे जातात आणि तटरक्षक दलाचे मंडळ निराळे आहे. निर्णय नागरी सदस्य देतात. आधीचे प्रशासकीय मार्ग वापरून झाले नसतील, तर मंडळ अर्ज परत पाठवू शकते.

चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ उशीर माफ करते. पन्नास वर्षांपूर्वीच्या चुकांचे अर्जही त्यामुळे ऐकले जातात. उशीर का झाला याचा रकाना अर्जात असतो. तो कोरा सोडू नये. सरकारी नोंद बरोबर आहे असे गृहीत धरूनच मंडळ सुरुवात करते आणि ती चुकीची असल्याचे पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. अर्जदारांची नावे वगळून प्रसिद्ध केलेले जुने निर्णय ऑनलाइन वाचता येतात. आपल्यासारखेच दोन-तीन निर्णय आधी वाचावेत, म्हणजे कोणता कागद मंडळाला पटला आणि कोणता नाही हे वकिलाशिवायही उमगते. नकार आला आणि नंतर नवा पुरावा सापडला, तर फेरविचार मागता येतो.

डीडी-२९३ या अर्जाशी याची गल्लत करू नये. तो सेवामुक्तीचे स्वरूप बदलून मागण्यासाठी आहे, त्याचे मंडळ वेगळे आणि मुदत १५ वर्षांची. गळलेल्या पदकांशी त्याचा संबंध नाही.

वाट पाहत असताना

दुरुस्ती होईपर्यंत माजी सैनिक व्यवहार खात्याकडचा आजारपणाचा दावा अडवून ठेवू नये. तिथे परदेशसेवेची वेगळी पडताळणी होते आणि पुरावा मिळवण्यास मदत करणे हे त्या खात्याचे कर्तव्य आहे. जे मूळ पान डीडी-२१५ साठी जोडले, तेच दाव्यालाही जोडावे. २०२२ च्या पॅक्ट कायद्यामुळे आखाती देशांत व अफगाणिस्तानात सेवा केलेल्यांच्या कित्येक आजारांच्या बाबतीत ‘तिथे होतो’ एवढे सिद्ध होणे निर्णायक ठरते, म्हणून तरुण माजी सैनिकांनी ही तपासणी तब्येत धडधाकट असतानाच करून ठेवावी, असे माझे मत आहे.

मदत हवी असल्यास काउंटीचे माजी सैनिक सेवा अधिकारी, तसेच अमेरिकन लीजन आणि डीएव्ही यांसारख्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी पैसे न घेता कागद तपासून देतात. फाइल मिळवून देण्यासाठी शुल्क मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांच्या नादी लागण्याचे कारण नाही.

डीडी-२१५ आल्यावर ते डीडी-२१४ ला जोडूनच ठेवावे, कारण एकट्या दुरुस्तीपत्रावरून कोणालाही काही कळत नाही. जिथे जिथे जुने पत्रक दिले असेल तिथे नवे पाठवावे. पत्रक काउंटीच्या नोंदणी कार्यालयात जमा करायचे असल्यास ते सार्वजनिक दस्तऐवज होते का हे आधी विचारावे, कारण त्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो. पदके आपोआप येत नाहीत. त्यांची मागणी वेगळी करावी लागते आणि ती वेगळ्या पाकिटातून येतात. व्याह्यांचे पाकीट आले तेव्हा पदकाबरोबर तारे सुटे, एका पारदर्शक पुडीत होते, आणि फितीवर ते टोचून बसवायला माझ्या मुलीला भिंग घ्यावे लागले.